सगळ्यांच्या तोंडचं नाव

माझं लग्न झालं तेव्हा मी पदवीधर होते. आमच्या घराण्यात मॅट्रिकची पायरी ओलांडणारी मी पहिली, आणि मुलगी असून पहिली. माझे वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई होते. शाळेची घंटा ते देत आणि त्याच घंटेवर मी वर्गात जात असे. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून सांगितलं, की हिला थांबवू नका. वडिलांनी थांबवलं नाही. मुंबईला नायगावात मावशीकडे राहून मी बी. ए. झाले. पदवी घेण्याच्या दिवशी वडील कोट उसना घेऊन आले होते. माझं पूर्ण नाव वाचलं गेलं, त्यात मधलं नाव त्यांचं होतं. त्या मोठ्या सभागृहात इंग्रजी उच्चारात स्वतःचं नाव ऐकून ते चटकन उभे राहिले. त्यांना वाटलं, आपल्यालाच बोलावलं. शेजारच्या गृहस्थांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

हे सांगते ते एवढ्यासाठी, की नाव या गोष्टीचं मला लहानपणापासून फार अप्रूप होतं. आमच्या गावात वडिलांना कोणी नावानं हाक मारीत नसे. ते 'घंटेवाले' होते. शिकल्यावर माणसाला नाव मिळतं, अशी माझी समजूत होती.

मग लग्न झालं आणि वडिलांचं नाव माझ्या नावातून निघालं. माझं स्वतःचं नावही गेलं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. आमचे हे पेंटर. दुकानांच्या पाट्या, गणपतीचे पडदे, भिंतीवरच्या जाहिराती रंगवायचे. त्यांनी तांदळात जे नाव लिहिलं ते इतकं सुबक होतं, की भटजी मंत्र थांबवून बघत राहिले. कोणी तरी म्हणालं, "ताट हलवू नका रे, भिंतीवर टांगा." मी मात्र मान खाली घालून ते नवं नाव उलटं वाचत होते आणि मनात म्हणत होते, निदान एवढ्या सुंदर अक्षरात आणखी कोणाचं नाव लिहिलं गेलं असेल?

त्या नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नाही. "अगं", "ऐकलंस का", फार तर "बाई" म्हणून थट्टेत. मी शाळेत शिकवत होते म्हणून बाई. त्याची तक्रार नव्हती. सगळ्याच घरांत तसंच होतं. मी त्यांना "अहो" म्हणत असे आणि त्यांच्यामागे त्यांचा उल्लेख "हे" किंवा "घरचे" असा करीत असे. नवऱ्याचं नाव घेऊ नये. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. मी पदवीधर असल्यामुळे माझा यावर विश्वास नव्हता, आणि तरी मी घेत नव्हते.

अडचण अशी होती, की आमच्या ह्यांचं नाव बाकी सगळं लालबाग घेत होतं.

लोकांच्या लेखी त्यांना एकच नाव होतं. कागदोपत्री दुसरं, भारदस्त, देवाचं नाव होतं, बारशाला ठेवलेलं. ते माझ्या पूर्ण नावाच्या मधोमध येई आणि शाळेच्या हजेरीत सही करताना मी ते रोज लिहीत असे. पण ते नाव कोणाला ठाऊक नव्हतं. माणसं ओळखत होती ती दुसऱ्या, दोन अक्षरी नावानं. माझ्या सासूबाईंची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. म्हणून तिसरं झालं तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घालून उकिरड्यापाशी ठेवलं, दुसऱ्या बाईकडून उचलून आणवलं, आणि सासूबाईंनी दगड, केर, भीक या जातीचं एक नाव ठेवलं, म्हणजे मृत्यूला वाटावं, यात नेण्यासारखं काही नाही. कोकणात आणि घाटावर अशी नावं घरोघर असत. ते नाव घेऊन हे मालवणाकडून मुंबईला आले, चाळीत वाढले, आणि पुढे त्या नावापुढे भाऊ, दादा, शेठ असं काहीही लागलं नाही. आडनावही लागलं नाही. पाटी रंगवून झाली की खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तेवढी दोन अक्षरं टाकून द्यायचे. परळच्या नाक्यापासून गिरगावपर्यंत चहाच्या हॉटेलांवर, गिरणीच्या कुंपणांवर, सलूनच्या काचेवर ती दोन अक्षरं होती.

मी शाळेत जायला निघाले, की ती वाचत जात असे. वाचायला मनाई नव्हती.

हाकेचं मात्र सुरुवातीपासून टोचत गेलं. सकाळी दूधवाला ते नाव घेऊन ओरडे. जिन्याखाली त्यांची कामाची जागा होती, तिथे येणारा जाणारा प्रत्येक माणूस तीच हाक मारी. कारखान्यातून सुटलेली पोरं, ज्यांना मी पाढे विचारले असते, ती त्यांना नावानं "अरे" म्हणत. शेजारच्या जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, घरी गॅलरीत एक पोपट होता. पोरांनी त्यालाही ते नाव शिकवलं होतं. दुपारी सगळी चाळ झोपलेली असताना तो एकटाच स्वच्छ उच्चारात माझ्या नवऱ्याचं नाव घेई. जॉबरची बायको म्हणे, "बघा हो बाई, आमच्या मिठूची जीभ तुमच्यापेक्षा मोकळी." मी हसत असे. पण त्या पोपटाला मिरची द्यायला मी कधी गेले नाही.

आणि ह्यांची सवय अशी, की हाक ऐकली की मान वर न करता म्हणायचे, "आलो." यायचे नाहीत. हातातलं अक्षर पुरं होईपर्यंत कोणासाठी उठायचे नाहीत. पण "आलो" सगळ्यांना मिळत असे. मला ते मिळायचं नाही, कारण मी हाक मारीत नव्हते. मी जवळ जाऊन उभी राहत असे, किंवा भांडं जरा जोरात आपटत असे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा ह्यांचं काम दसपट वाढलं आणि कमाई बंद झाली, कारण चळवळीचं काम ते फुकट करत. भिंती, कापडी फलक, सभेच्या मागचे पडदे. गिरगावात एका जुन्या वकील घराण्याच्या तळमजल्यावर प्रचाराची कचेरी उघडली होती. ती कचेरी त्या घरची मुलगी चालवत असे. मुलगी म्हणजे माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी, एम. ए. झालेली, लग्न न केलेली. तिला मी इथे गिरगावची म्हणते. घोषणा ती तयार करायची, रंगवायचे हे. पुण्याच्या माणसासारखं स्वच्छ बोलायची, चालायची झपाझप, आणि मोठमोठ्या वक्त्यांना "अहो, पाच मिनिटांत आटपा" असं तोंडावर सांगायची.

पहिल्या दिवशी ती आमच्या चाळीत आली तेव्हा मी शाळेतून येऊन जिन्यात पोचले होते. खालून तिची हाक आली. माझ्या नवऱ्याचं ते दोन अक्षरी नाव, त्यापुढे "अरे", आणि मग, "परवाच्या सभेचं कापड आज हवंय हं मला. सबबी नकोत."

"आलो," हे म्हणाले.

आतापर्यंत पुरुषांनी, पोरांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोपटानं घेतलेलं ते नाव मी ऐकलं होतं. माझ्या वयाच्या बाईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तिच्या तोंडी ते उकिरड्यावरचं वाटेना. नुसतं एक चांगलं, सुटसुटीत नाव वाटलं. मला तर ते असं वाटू शकतं हेच माहीत नव्हतं.

तिनं मला पाहिलं. "ही तुझी बायको का रे? बी. ए. ना? वा. अगं, मला ताईबिई म्हणू नकोस हं. नावानं हाक मार. आमच्याकडे सगळे नावानंच हाक मारतात."

मला जमलं नाही. ह्यांना जमलं. दुसऱ्याच आठवड्यात हे तिला नावानं हाक मारू लागले. आधी अडखळत, मग सहज. घरी जेवताना सांगायचे, अमकी म्हणाली की अक्षर आणखी जाड काढ. अमकीच्या घरी फणसाची भाजी होती. माझं तांदळातलं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, आणि तिचं नाव आमच्या ताटाशेजारी रोज बसू लागलं.

मी एकदा म्हटलं, "ती तुम्हाला एकेरी नावानं हाक मारते, लोक काय म्हणतील?"

"सगळेच मारतात की."

"सगळे निराळे."

"का? तिला काय शिंगं आहेत?" ते हसले आणि आमटी वाढून घेतली. "अगं, तिच्याकडे तसंच आहे. तिच्या वडिलांनाही ती नावानं हाक मारते म्हणे. एवढा मोठा वकील, आणि पोरगी म्हणते, अरे, तुझा चष्मा कुठाय."

सासूबाई आतून म्हणाल्या, "काय बाय घर तरी."

मी गिरगावच्या घरी एकदाच गेले. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. चळवळीतल्या बाया जमल्या होत्या, गिरगाव-दादरच्या बऱ्याचशा, आणि आम्ही लालबागच्या थोड्या. सागवानी कोचावर कोण बसणार आणि सतरंजीवर कोण, हे आपोआप ठरलं. तिळगूळ झाला. कोणा एका प्रौढ बाईनं म्हटलं, "पेंटरीणबाई, नाव घ्या बघू." नवऱ्याचं नाव घ्यायला परवानगी असते ती एवढीच, उखाण्यात. मी घरून तयारी करून गेले होते. माझं मराठी चांगलं होतं. चार ओळी जुळवल्या होत्या, त्यात महाराष्ट्र होता, मुंबई होती, आणि शेवटी ह्यांचं ते भारदस्त, बारशाचं नाव. मी उभी राहून, स्वच्छ आवाजात, यमक साधून ते नाव घेतलं.

कोणी टाळी वाजवली नाही. बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"हे कोण गं?" सतरंजीवरचीच एक बाई म्हणाली. "तू आपल्या पेंटराची ना?"

"त्यांचंच नाव आहे," मी म्हटलं.

"काय तरीच. त्याचं नाव तर…" आणि पाच-सहा जणींनी एकदम ती दोन अक्षरं उच्चारली. हशा पिकला. एक म्हणाली, "दुसऱ्याच कोणाचं घेतलंत काय बाई? सांभाळा." हशा आणखी वाढला. गिरगावची कोचाच्या हातावर बसली होती. तीही हसली. मग सगळ्यांना गप्प करून म्हणाली, "असू दे, असू दे. आत्ता त्यालाच विचारते," आणि खिडकीशी जाऊन अंगणात फलक बांधणाऱ्या माझ्या नवऱ्याला हाक मारली. "अरे, तुझं खरं नाव काय रे?"

खालून उत्तर आलं, "तेच. का?"

त्या दिवशी ट्राममधून घरी येताना मी खिडकीच्या दांड्याला डोकं टेकून बसले. ह्यांना वाटलं, माझं डोकं दुखतंय. एवढं मोठं नाव मी रोज माझ्या नावाच्या पोटात वागवते, आणि तो माणूस स्वतः ते विसरलेला. म्हणजे मला जे मिळालं ते कोणाचंच नाव नव्हतं. खरं नाव ते दुसरं, आणि ते घेण्याचा हक्क सगळ्या मुंबईला होता. एकट्या मला तेवढा नव्हता. मला त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं. या माणसाच्या आयुष्यात दूधवाल्याहून, गिरगावचीहून माझी जागा निराळी आहे, एवढं एकदा कळायला हवं होतं.

पुढे एके सकाळी लालबागला भिंत रंगवत असताना हे पकडले गेले. जमावबंदी होती. त्यांच्यासोबत आणखी पुष्कळ माणसं धरली. बातमी मला शाळेत कळली. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकेची परवानगी घेऊन मी घरी आले, सासूबाईंनी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली, आणि मी चौकीवर गेले.

चौकीसमोर बायांची गर्दी होती. सगळ्यांच्या हातात डबे. दारात एक हवालदार, साताऱ्याकडचा असावा, घामाघूम होऊन एकेकीला विचारत होता आणि आतल्या बोळाकडे तोंड करून नावं पुकारत होता. बोळाच्या टोकाला गजांचं दार, त्यामागे माणसं.

माझी पाळी आली. "नाव?" हवालदार म्हणाला.

"पेंटर आहेत," मी म्हटलं.

"पेंटर चार हायती आत. आज समदे पेंटरच धरलेत. नाव सांगा."

मी आडनाव सांगितलं. त्यानं आडनाव पुकारलं. आमच्याकडची आडनावं गावावरून. एकेका गावाची माणसं एकेका चाळीत. आतून चार-पाच आवाज एकदम आले. त्यात ह्यांचा नव्हता. ते त्या आडनावानं कधी हाक ऐकलेले नव्हते.

"ह्यातला कुठला?"

मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"त्यांच्या वडलांचं नाव काय?"

सासऱ्यांचं नावही सुनेनं घ्यायचं नसतं. मी मान हलवली. मागची एक बाई हवालदाराला म्हणाली, "दादा, ती सासऱ्याचं तरी कशी घेईल?"

हवालदारानं टोपी काढून कपाळ पुसलं. "मग बाई, मी काय पुकारू? अहो म्हणून पुकारू? निम्मी कोठडी उठून येईल."

बाया हसल्या. मी सुद्धा हसले असते, पण माझे कान तापले होते. शाळेत मी चाळीस मुलींना शिवबाचा इतिहास शिकवत होते आणि इथे एक नाव तोंडातून निघत नव्हतं. "पूर्ण नाव सांगते," मी म्हटलं, आणि डोळे मिटून त्यांचं बारशाचं नाव सांगितलं, आडनावासकट. एवढं केलं म्हणजे मी मोठा पराक्रम केला असं मला वाटलं.

हवालदारानं ते पुकारलं. दोनदा पुकारलं. आत सगळे एकमेकांना विचारत होते, कोण रे, कोण. शेवटी तो वळून म्हणाला, "असा कोणी न्हाई बाई आत. दुसऱ्या चौकीवर बघा."

तेवढ्यात मागून गर्दीला वाट करत गिरगावची आली. खांद्याला पिशवी, हातात थर्मास. तिला बातमी कोणी दिली, चहा कोणासाठी आणला, हे मी मनात विचारत होते. तिनं माझ्याकडे, मग हवालदाराकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

"अगं, एवढंच ना? थांब," ती म्हणाली, "मी बोलावते त्याला." आणि ती बोळाकडे वळली. तिनं हाक मारण्यासाठी श्वास घेतला, तो मला दिसला.

मला ते सहन झालं नाही. दुसरं कारण नाही. मी तिच्या आधी हाक मारली.

ती दोन अक्षरं माझ्या तोंडातून इतक्या मोठ्यानं निघाली, की माझा आवाज मलाच ओळखू येईना. हवालदार टोपी हातात धरून उभा राहिला. बोळात ते नाव घुमलं.

"आलो" आलं नाही. मग माणसांना ढकलत कोणी तरी पुढे येतंय असा आवाज झाला, आणि हे गजांशी आले. हात रंगानं माखलेले, चेहरा पांढरा पडलेला. दोन्ही हातांनी गज धरून म्हणाले, "काय झालं? आई… आईला काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"खरं सांग. आई बरी आहे ना?"

"बरी आहे. डबा आणलाय. भाकरी आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मागचा कोणी तरी म्हणाला, "लेका, वैनीनं नाव घेतलं तुझं. आता काय खरं नाय." कोठडीत हशा उठला. हवालदार डबा घेत मला म्हणाला, "हे आधीच सांगितलं असतं तर, बाई. ह्याला कोण वळखत न्हाई? आमच्या चौकीची पाटी ह्यानंच रंगवलीय."

गिरगावचीनं थर्मास तसाच हवालदाराकडे दिला. आम्ही दोघी बाहेर पडलो आणि ट्रामच्या थांब्यापर्यंत एकत्र चाललो. एरवी ती सारखी बोलत असे. त्या दिवशी बोलली नाही. तिची ट्राम आली तेव्हा पायरीवर पाय ठेवून ती म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका. उद्या-परवा सोडतील." ती आजवर मला "अगं" म्हणत आली होती. त्या दिवसापासून तिनं मला "अहो" म्हटलं, आणि पुढे कायम तेच ठेवलं.

मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या.

"तू तेचा नाव घेतलंस?"

"हो."

"मोठ्यान?"

"हो."

सासूबाई उठल्या, मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या, आणि जिथे हे रोज बसतात त्या रिकाम्या पाटावरून ओवाळून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तशा थोड्या शांत झाल्या. मग म्हणाल्या, "ता नाव मी लोकांसाठी ठेवलंय. सगळ्या जगान हाक मारूची आणि माझो झील जगूचो. तुझ्यासाठी नाय ता."

"मग माझ्यासाठी कोणतं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "तुका नाव कशाक होया? तुका तो गावलो ना."

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं खरं असेल म्हणून मी गप्प बसले. पण मनात म्हटलं, कुठे गावला? तो अर्धा भिंतीवर आहे आणि अर्धा गिरगावात.

ते तिसऱ्या दिवशी सुटून आले. सासूबाईंनी दारातच तांब्याभर पाणी ओवाळून टाकलं. जेवण झाल्यावर ते जिन्याखाली ब्रश धुवायला बसले, मी रॉकेलची बाटली घेऊन गेले. ते म्हणाले, "तू हाक मारलीस ना, मला वाटलं आईच गेली."

"एवढं घाबरायला काय झालं? सगळेच मारतात की," मी म्हटलं. त्यांचंच वाक्य.

"सगळ्यांचं काय. सगळ्यांचं कानावरनं जातं." त्यांनी ब्रशचे केस बोटांनी पिळले. "तुझं ऐकलं आणि माणसं ढकलतच पुढे आलो. वाटलं, ही नाव घेतेय म्हणजे आभाळ कोसळलंय."

"मग रोज घेत जाऊ? सवय होईल."

"नको गं," ते घाईनं म्हणाले. मग ब्रश पुन्हा रॉकेलात बुडवत, "सवय नको व्हायला."

मला ते आवडलं. किती आवडलं ते मी त्यांना कळू दिलं नाही. उलट म्हटलं, "तुम्ही तिला नावानं हाक मारता. मला का नाही?"

"तुला?" त्यांनी वर पाहिलं. तोंड उघडलं. माझं ते नाव त्यांनी स्वतः निवडलेलं, स्वतः लिहिलेलं. ओठ हलले, आणि एवढा सहा फुटी माणूस कानापर्यंत लाल झाला. "येत नाही गं तोंडात," म्हणाले. "लिहून देऊ?"

माझा मत्सर त्या दिवशी संपला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. चळवळ असेतो गिरगावची येत राहिली, नंतरही येत राहिली. चांगली बाई होती. माझ्या धाकट्या भावाला नोकरी लागली ती तिच्या वडिलांच्या शब्दानं, आणि ते उपकार मी विसरलेले नाही. तरी तिची हाक आली की माझ्या हातातलं काम थांबत असे.

एका रविवारी सकाळी हे घरातच जमिनीवर कापड पसरून बसले होते. मी शेजारी मुगाची डाळ निवडत होते. खालून तिनं हाक मारली. तीच दोन अक्षरं, स्वच्छ, मोकळी.

"आलो," हे म्हणाले, आणि अक्षराची वेलांटी ओढत राहिले.

थोड्या वेळानं पुन्हा हाक आली. पुन्हा "आलो." ब्रश थांबला नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नव्हतं. ती हाक दूधवाल्याची असती तरी तो चेहरा तसाच राहिला असता. एवढे दिवस मी कान तिच्या आवाजाकडे लावून बसत होते; या चेहऱ्याकडे पाहायचं मला सुचलंच नव्हतं.

मी मनात आणलं असतं तर ते एका क्षणात उठले असते. नाव घेण्याचीही गरज नव्हती. मी डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला आणि आणखी एक शोधू लागले. खाली तिनं तिसऱ्यांदा हाक मारली, या वेळी जरा चिडून. मी तीही पूर्ण ऐकून घेतली.

मग म्हटलं, "अहो, खाली बोलावताहेत."

त्यांनी ब्रश खाली ठेवला.